हेबिअस टाकायची की साधा अर्ज करायचा? भाऊ आत आहे, योग्य दार कोणतं ते सांगा

वैनगंगा | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी नागपुरात, मानेवाड्याकडे राहते. माझा धाकटा भाऊ विदर्भातल्या एका तुरुंगात शिक्षा भोगतो आहे. तुरुंगाचं, कोर्टाचं, वकिलांचं नाव लिहीत नाही, कारण उद्या त्याला तिथेच राहायचं आहे.

त्याच्यावर दोन गुन्हे होते. एकात ५ वर्षं लागली, दुसऱ्यात ३. जामीन कधीच झाला नाही, त्यामुळे पहिल्या अटकेपासून तो सलग आत आहे. चार वर्षं होत आली. त्याने गुन्हा केला की नाही यावर मला इथे वाद नको. शिक्षा झाली, ती तो भोगतो आहे. माझं दुखणं पुढचं आहे.

एक तर तुरुंगाने त्याच्या सुटकेची जी तारीख धरली आहे, त्यात दुसऱ्या गुन्ह्यातले कच्च्या कैदेचे, म्हणजे निकालाआधी आत काढलेले, दिवस वजाच केलेले दिसत नाहीत. दुसरं, संचित रजा (फर्लो, म्हणजे कैद्याला काही दिवस घरी जायला मिळणारी सुट्टी) मागितली ती ‘पोलीस अहवाल प्रतिकूल’ एवढ्या एका ओळीवर नाकारली. तिसरं, त्याच्या कमरेचं दुखणं. डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला त्याला पाच महिने झाले. दर वेळी उत्तर एकच: आज एस्कॉर्ट (सोबत न्यायला पोलीस) मिळाला नाही.

एका वकिलांनी सांगितलं की या सगळ्याची मिळून हायकोर्टात हेबिअस कॉर्पस टाकू, चाळीस हजार लागतील. आईने पाटल्या काढून दिल्या आहेत. त्या अजून कपाटातच आहेत. टाकू का? कोणाला अनुभव असेल तर नीट सांगा. मी रात्र रात्र मोबाईलवर वाचून राहिली आहे आणि जितकं वाचते तितकं डोकं गरगरतं.

संत्रानगरी | रात्री ११:०५

ताई, मला कायद्यातलं काही कळत नाही, पण पाटल्या मोडू नका अजून. इथे ‘सिव्हिल लाइन्स’ नावाने लिहिणारे काका हायकोर्टात वकिली करतात. त्यांना निरोप धाडला आहे.

सिव्हिल लाइन्स | मंगळवार, सकाळी ७:१५

वैनगंगाताई, निरोप मिळाला. कोर्टाला निघायच्या आधी लिहितो आहे, म्हणून मुद्द्याचं आधी. पाटल्या मोडू नका, आणि तिन्ही तक्रारी एका याचिकेत घालू नका.

आमच्याकडे येणारा प्रत्येक नातेवाईक विचारतो, ‘कोणती केस टाकायची?’ मी उलट विचारतो, शेवटी हातात काय पडायला हवं? माणूस बाहेर यायला हवा, की तारीख दुरुस्त व्हायला हवी, की आत नीट वागवलं जायला हवं, की झालेल्या नुकसानीचे पैसे हवेत? आणि ती गोष्ट देण्याचा अधिकार कोणाच्या हातात आहे? हे दोन प्रश्न सुटले की दार आपोआप कळतं. तुमच्या भावाच्या तीन तक्रारींची उत्तरं तीन वेगळ्या टेबलांवर आहेत.

हेबिअस कॉर्पस म्हणजे ‘या माणसाला बेकायदा डांबलंय, त्याला हजर करा आणि सोडा.’ आज तुमच्या भावाला सोडा असं म्हणता येतं का? पहिल्या गुन्ह्याची ५ वर्षंच अजून पूर्ण झालेली नाहीत. सक्षम कोर्टाच्या वॉरंटवर तो आत आहे. म्हणजे आजची कैद बेकायदा नाही. पहिल्याच तारखेला कोर्ट हेच विचारेल आणि याचिका मागे घ्यावी लागेल. पैसे जातील ते जातील, पण त्याहून वाईट म्हणजे दोन-तीन महिने जातील.

जे अजून कच्च्या कैदेत आहेत त्यांच्या नातेवाइकांसाठीही हेच. दंडाधिकाऱ्यांनी कोठडी दिलेली असेल, तर त्या आदेशाविरुद्ध हेबिअस चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात, तस्नीम रिझवान सिद्दीकी यांच्या, हे स्पष्ट सांगितलं. तिथे जामीन मागायचा किंवा कोठडीच्या आदेशाला आव्हान द्यायचं. हेबिअसने जामिनाची रांग चुकवता येत नाही.

आता मला तीन गोष्टी सांगा. दुसऱ्या गुन्ह्यात अटक नेमकी कधी दाखवली? दुसऱ्या निकालपत्राच्या शेवटच्या आदेशात ‘सेट ऑफ’बद्दल, म्हणजे वजावटीबद्दल, काय लिहिलं आहे? आणि दोन्ही शिक्षा एकत्र भोगायच्या असं कुठे लिहिलं आहे का? संध्याकाळी बोलू.

वैनगंगा | दुपारी १:२०

काका, मनापासून आभार. दुसऱ्या गुन्ह्यात अटक पहिल्यानंतर पाच महिन्यांनी दाखवली, तेव्हा तो आतच होता. पहिला निकाल अटकेनंतर २ वर्षं ८ महिन्यांनी लागला, दुसरा ३ वर्षं ३ महिन्यांनी. दुसऱ्या निकालाची पूर्ण प्रत आमच्याकडे नाही. आधीच्या वकिलांकडे आहे म्हणतात, पण ते फोन घेत नाहीत. एकत्र भोगायच्या असं कोणी सांगितल्याचं भावाला आठवत नाही.

अजनीकर | दुपारी ३:५०

मी कारागृह खात्यातून निवृत्त झालो. बरीच वर्षं न्यायविभागात, म्हणजे जिथे वॉरंटं येतात आणि शिक्षेचे दिवस मोजले जातात तिथे काम केलं. बेटा, एक गोष्ट ध्यानात ठेव. आतला लिपिक निकालपत्र वाचत नाही. त्याच्यापुढे असतं ते शिक्षेचं वॉरंट, म्हणजे कोर्टाने तुरुंगाला पाठवलेला शिक्षेचा हुकूम. त्यावर ‘वजा करायचा कालावधी’ हा रकाना असतो. तो कोर्टातून कोरा आला, तर तो स्वतःच्या मनाने दिवस वजा करत नाही, आणि करूही नये, कारण उद्या चुकीने लवकर सोडला तर त्याचीच नोकरी जाते. बहुतेक भांडणं इथे सुरू होतात आणि घरचे लोक मात्र ‘जेलवाले मुद्दाम करून राहिले’ असं समजतात. कधी मुद्दामही होत असेल, मी नाही म्हणत नाही. पण आधी वॉरंट बघा.

भावाला सांग, मुलाकातीत नाही तर लेखी अर्ज कर, अधीक्षकांच्या नावे. हिस्ट्री टिकिटावरच्या (कैद्याच्या नोंदपत्रावरच्या) नोंदी आणि शिक्षेची मोजणी मागायची. अर्जाची पोच घ्यायची. पोच नाही मिळाली तर तारीख वहीत लिहून ठेवायची. तोंडी सांगितलेलं काही उरत नाही.

निकालाच्या प्रतीसाठी पैसे देऊ नका. कैद्याला निकालाची प्रत फुकट आणि वेळेत मिळाली पाहिजे, हे होस्कोट प्रकरणात १९७८ मध्येच ठरलं आहे. तेही महाराष्ट्राविरुद्धचंच प्रकरण.

कन्हान | संध्याकाळी ५:३०

वाईट वाटून घेऊ नका, पण ज्याने गुन्हा केला त्याच्या रजेसाठी आणि एमआरआयसाठी एवढी धडपड? सरकारी मेडिकल रुग्णालयात सामान्य माणूस पहाटे पाचपासून रांगेत उभा असतो, त्याची याचिका कोण टाकतो?

सिव्हिल लाइन्स | रात्री ९:१०

कन्हान, तुमचा प्रश्न अनेकांच्या मनात असतो, म्हणून टाळत नाही.

रांगेतला माणूस मेडिकलला कंटाळला तर मेयो रुग्णालयात जाऊ शकतो, खाजगीत जाऊ शकतो, उधार काढून जाऊ शकतो. कैद्याच्या पायात ते स्वातंत्र्य नाही. त्याला आपण सगळ्यांनी मिळून, कायद्याने, एका जागी बांधून ठेवलं आहे. म्हणून त्याच्या औषधाची जबाबदारी बांधणाऱ्यावर येते. शिक्षा म्हणून कोर्टाने त्याची ५ वर्षं घेतली. कमरेचा मणका शिक्षेत लिहिलेला नव्हता.

मराठी माणसाने विसरू नये असं एक प्रकरण सांगतो. प्रभाकर संझगिरी यांना भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध केलं होतं. आत बसून त्यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं आणि ते छापायला बाहेर पाठवण्याची परवानगी मागितली. सरकारने नाकारली. त्यांनी मुंबई हायकोर्टात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली, म्हणजे हायकोर्टाच्या रिट अधिकारात, अर्ज केला. ‘मला सोडा’ असं मागितलंच नाही, फक्त ‘हस्तलिखित बाहेर जाऊ द्या’ एवढंच. हायकोर्टाने मान्य केलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे १९६५ मध्ये हरलं. स्थानबद्धतेच्या नियमांत ज्या अटी आहेत त्यांपलीकडची बंधनं सरकारला आपल्या मर्जीने घालता येत नाहीत, असं कोर्टाने सांगितलं.

या धाग्यालाही ते प्रकरण लागू आहे ते यामुळे, की त्यांनी मागणी नेमकी ठेवली. त्या याचिकेत त्यांनी कैदेची वैधता उकरली असती, तर पुस्तकाचा मुद्दा त्याखाली दबला असता असं मला वाटतं.

आता वैनगंगाताई, तुमचे दिवस.

दुसऱ्या गुन्ह्यात अटक दाखवल्यापासून त्या गुन्ह्याच्या निकालापर्यंत किती? ३ वर्षं ३ महिन्यांतून ५ महिने गेले, म्हणजे २ वर्षं १० महिने. ही त्याच गुन्ह्यातली निकालापूर्वीची कैद आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२८ ने, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६८ ने, ती शिक्षेतून वजा होते. त्याच काळात तो पहिल्या गुन्ह्यातही आत होता, मग दोन्हीकडे कसे मोजणार, असा प्रश्न तुरुंग विचारतो. नजाकत अलिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने २००१ मध्ये सांगितलं की त्या विशिष्ट गुन्ह्यात तो अटकेत असला की पुरे, त्याच वेळी दुसऱ्या गुन्ह्यात आत होता याने फरक पडत नाही. मात्र नंतरच्या अतुल मनुभाई पारेख प्रकरणात कोर्टाने हात आखडता घेतला आणि सरकारी वकील तोच निकाल पुढे करतात. त्यामुळे हे आंधळेपणाने जिंकलेलं समजू नका.

पण फरक किती आहे बघा. दोन वेगळ्या प्रकरणांतल्या शिक्षा, कोर्टाने ‘एकत्र’ म्हटलं नसेल तर, एकामागून एक चालतात. म्हणजे पहिली ५ वर्षं संपली की दुसरी ३ सुरू. वजावट मिळाली तर त्या ३ वर्षांतले २ महिने उरतात. नाही मिळाली तर पूर्ण ३ वर्षं. शिक्षा लिहिलेली तेवढीच आणि घरी परतायची तारीख जवळजवळ तीन वर्षांनी पुढे-मागे. माफीचे दिवस, म्हणजे चांगल्या वागणुकीसाठी शिक्षेतून कमी होणारे, यात धरलेले नाहीत.

हे दुरुस्त करायचं पहिलं ठिकाण म्हणजे दुसरी शिक्षा देणारं कोर्ट. तिथे साधा अर्ज करायचा, वजावटीचा कालावधी नमूद करून वॉरंट किंवा दाखला द्यावा म्हणून. त्याला चाळीस हजार लागत नाहीत. कोर्टाने नाकारलं, किंवा दाखला देऊनही तुरुंगाने मोजणी बदलली नाही, तर हायकोर्टात फौजदारी रिट, म्हणजे तुरुंगाला किंवा सरकारला हुकूम द्या अशी याचिका. आणि बरोबर मोजणीने सुटकेची तारीख उलटून गेली असेल आणि तरी तो आत असेल, तर त्या दिवशी हेबिअस. तेव्हा एक दिवसही थांबू नका.

शिक्षा एकत्र चालाव्यात ही मागणी वेगळी आहे. निकाल दिल्यावर त्या कोर्टाला स्वतःचा आदेश बदलता येत नाही. ते अपिलात किंवा हायकोर्टाच्या अंगभूत अधिकारात मागावं लागतं. ते वजावटीच्या अर्जात मिसळू नका.

ओहायोतला नागपूरकर | बुधवार, पहाटे ४:४५

मी कायद्याच्या ग्रंथालयात काम करतो, म्हणून थोडी भर. ताईंनी रात्री जागून जे वाचलं त्यातलं बरंच अमेरिकन असावं, गोंधळ त्यामुळेही झाला असेल. इथे १९७३ च्या प्राइजर खटल्यापासून रेषा आखलेली आहे. कैदेला किंवा तिच्या मुदतीला आव्हान द्यायचं असेल, उदाहरणार्थ कापलेले माफीचे दिवस परत हवे असतील, तर हेबिअस. आतल्या वागणुकीबद्दल तक्रार असेल तर नागरी हक्कांचा दावा. शिवाय १९९६ च्या कायद्यामुळे त्या दाव्याआधी तुरुंगातली अंतर्गत तक्रार शेवटच्या पायरीपर्यंत न्यावीच लागते. पायरी चुकली की दावा फेटाळला जातो, तक्रार कितीही खरी असली तरी. कैदी स्वतः हाताने अर्ज लिहितात आणि निव्वळ दार चुकल्यामुळे परत येतात. ते वाचताना जीव तुटतो.

भारतात ही रेषा एवढी कडक आहे का?

सिव्हिल लाइन्स | सकाळी ७:३०

नाही, एवढी कडक नाही, आणि त्याचं श्रेय तिहारमधल्या एका कैद्याच्या पत्राला आहे. सुनील बत्रा स्वतः फाशीच्या शिक्षेचा कैदी. शेजारच्या कैद्याचा एका वॉर्डरने पैशांसाठी अमानुष छळ केला, ते त्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्राने कळवलं. कोर्टाने त्या पत्रालाच याचिका मानलं. डिसेंबर १९७९ च्या त्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की हेबिअस केवळ सुटकेपुरती नाही, कायदेशीर कैदेच्या आत होणाऱ्या छळाविरुद्धही ती वापरता येते. जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीशांच्या देखरेखीखाली तुरुंगात तक्रारपेट्या ठेवायला लावल्या त्याही याच निकालाने.

म्हणजे तत्त्व म्हणून दार उघडं आहे. पण रोजच्या कामात हायकोर्ट अशा तक्रारी अनुच्छेद २२६ च्या फौजदारी रिटमध्ये ऐकतं, आणि मीही तेच सुचवतो. नाव चुकलं म्हणून आपल्याकडे खरी तक्रार सहसा मरत नाही. मागणी चुकली तर मात्र मरते.

पॅरा लीगल स्वयंसेविका | सकाळी ११:००

ताई, मी नागपूर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची स्वयंसेविका होते. कोठडीतल्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या कायद्याचं कलम १२ बघा. हे अजूनही लोकांना ठाऊक नाही आणि ते दागिने विकून येतात. जिल्हा न्यायालयातल्या कामासाठी प्राधिकरण, हायकोर्टातल्या कामासाठी नागपूर खंडपीठाची विधी सेवा उपसमिती. फोनवरून विचारायचं असेल तर १५१००. भाऊ आतूनही अर्ज करू शकतो, आत विधी सहाय्याचं केंद्र असतं.

‘सरकारी वकील फुकटचा, तो काय लढणार’ असं ऐकून तुम्ही डगमगाल, म्हणून सांगते. चांगले असतात आणि कंटाळलेलेही असतात, जसे पैसे घेणाऱ्यांतही असतात. कागद तयार करून द्या, तारखांचा एक तक्ता करून द्या. तक्ता हातात आला की कंटाळलेला माणूससुद्धा सरसावून बसतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

जामीन होऊनही आत असलेल्यांसाठी एक. जामिनाचा आदेश होऊन ७ दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. महिनाभरात जामीनदार देता आला नाही, तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२३ च्या सूचना आहेत. त्यासाठी रिटची गरज नाही, आधी सचिवांना एक पत्र द्या.

इरई | दुपारी २:१५

माझा अनुभव लिहितो. लिहिताना हात थरथरतो आहे.

माझ्या मुलाला आत मारहाण झाली होती. कोणत्या तुरुंगात ते सांगत नाही. त्याने आईला मुलाकातीत सांगितलं आणि आम्ही घाबरून गप्प बसलो, कारण तो म्हणाला ‘तुम्ही तक्रार केली तर इथे माझं काही खरं नाही.’ तो सुटून घरी आला, त्यानंतर काही महिन्यांनी धीर करून मानवी हक्क आयोगाकडे अर्ज लिहायला बसलो. ओळखीच्या वकिलाने कायदा दाखवला: घटनेला एक वर्ष उलटून गेलं की आयोग चौकशी करू शकत नाही. आमचे चौदा महिने झाले होते. दोन महिन्यांनी हुकलं.

मग नुकसानभरपाईचा दिवाणी दावा विचारला. सरकारविरुद्ध आधी दोन महिन्यांची नोटीस, आणि आमच्याकडे वैद्यकीय कागद एकही नाही. जखमा होत्या तेव्हा कोणी लिहून घेतल्या नाहीत.

सांगायचं एवढंच की आयोग, दिवाणी कोर्ट, फौजदारी तक्रार ही सगळी दारं खरी आहेत, पण प्रत्येकाला बंद व्हायची वेळ आहे. आणि पहिल्या आठवड्यात जखम कागदावर आली नाही, तर नंतर कुठेच काही उरत नाही.

सिव्हिल लाइन्स | रात्री ९:४०

इरईभाऊ, तुम्ही हे लिहिलंत यासाठी तुमचे आभार कसे मानू कळत नाही. इतरांसाठी थोडं पुढे नेतो.

कच्चा कैदी असेल आणि आत मारहाण झाली असेल, तर सर्वांत जवळचं दार म्हणजे त्याची पुढची तारीख. तो प्रत्यक्ष असो की व्हिडिओवर, न्यायाधीशांना तोंडाने सांगायचं, ‘मला मारलं, माझी वैद्यकीय तपासणी करा.’ वकिलाने त्याच दिवशी लेखी अर्ज द्यायचा. कच्च्या कैद्याचा ताबा कोर्टाचा असतो, तुरुंग फक्त सांभाळतो. म्हणून त्याचे औषधपाणी, तपासणी, घरचं जेवण, वकिलाची भेट, असं बरंच काही त्याच्या खटल्याच्या कोर्टातच मागता येतं. शिक्षा लागली की ते कोर्ट बाजूला होतं. अपील चालू असेल तर अपिलाचं कोर्ट, नाहीतर अधीक्षक, त्यांच्या वरचे अधिकारी आणि शेवटी हायकोर्ट. हा एक फरक लोकांना कळला, तर निम्मे अर्ज योग्य जागी जातील.

भरपाईबद्दल. मूलभूत हक्काचा उघड भंग असेल, तर रिटमध्येही पैसे मिळू शकतात. रुदुल शाह निर्दोष सुटूनही १४ वर्षं आत राहिला. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेबिअसच्याच याचिकेत त्याला अंतरिम भरपाई दिली आणि पूर्ण नुकसानीसाठी दिवाणी दाव्याचा मार्ग मोकळा ठेवला. नीलाबती बेहरा प्रकरणात १९९३ मध्ये कोठडीत मेलेल्या मुलाच्या आईला दीड लाख दिले. पण ज्यात साक्षीपुरावे तपासावे लागतील, कोणी मारलं यावरच वाद असेल, ते रिटमध्ये अडकतं. तिथे दिवाणी दावा, आणि बेकायदा कैदेच्या दाव्याला मुदत एकच वर्ष, कैद संपल्यापासून.

ताई, तुमच्या एमआरआयचं. अधीक्षकांना लेखी अर्ज, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या प्रतीसह. कोणकोणत्या तारखांना एस्कॉर्ट मागितला आणि कधी नाकारला, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्ज दीडशे शब्दांत, एकाच विषयावर, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. एरवी ३० दिवस लागतात, पण जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यायची असते. अर्जात पहिल्याच ओळीत ते कारण लिहा. उत्तर आलं की तेच तुमच्या रिटचं पहिलं परिशिष्ट.

संचित रजा. १९५९ च्या फर्लो आणि पॅरोल नियमांखाली ती कारागृह उपमहानिरीक्षक देतात, आपल्याकडे पूर्व विभाग, नागपूर. नाकारली तर वर अपील आहे. आधी ते करा. अपील झालेलं असलं की सरकारी वकिलांचा पहिला आक्षेप गळून पडतो. मग खंडपीठापुढे फौजदारी रिट. तिथे ‘रजा हा माझा हक्कच आहे’ असं म्हणू नका. २०२१ च्या नारायण साई निकालात, याच नियमांखाली, तो पूर्ण हक्क नाही असं ठरलं आहे. ‘कारण न देता नाकारली, पोलीस अहवालात ठोस काही नाही’ असं म्हणा; ज्यांना आधी रजा मिळाली असेल त्यांनी ‘मागच्या वेळी वेळेवर परतलो होतो’ हेही. आणि संचित रजेचे दिवस शिक्षेत धरले जातात, अभिवचन रजेचे (पॅरोलचे) धरले जात नाहीत. तारीख मोजताना हे विसरू नका.

अजनीकर | रात्री १०:२०

रजेवरून उशिरा परतलेला असेल तर माफी कापलेली असते. ती कापताना सत्र न्यायाधीशांचं न्यायिक मूल्यमापन, म्हणजे त्या कपातीची त्यांच्याकडून तपासणी, झालं होतं का, हे विचारा. पुष्कळदा फायलीत तो कागदच नसतो.

कन्हान | रात्री ११:३०

इरईभाऊंचं वाचून मी दोनदा लिहिलं आणि दोनदा पुसलं. माझा प्रश्न मी मागे घेतो. ताई, जिल्हा न्यायालयात जायचं असेल तेव्हा कळवा, मी रोज तिकडून जातो. झेरॉक्स, नकलांचा अर्ज, काही असेल ते करून देईन.

वैनगंगा | सात आठवड्यांनी, शनिवार, रात्री ८:१०

मंडळी, उशीर झाला, पण काही हातात आल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

निकालाची प्रत भावाला आत मिळाली. कन्हानदादांनी कोर्टातून वॉरंटाची नक्कल काढून दिली. शेवटच्या आदेशात स्पष्ट लिहिलेलं आहे की आरोपीला कलम ४२८ प्रमाणे वजावट मिळेल. वॉरंटावर तो रकाना कोरा. अजनीकर काका म्हणाले होते तेच. दोन वर्षं दहा महिने एका कोऱ्या रकान्यात अडकले होते आणि आम्ही कोणावर कोणावर राग काढत होतो.

प्राधिकरणाने दिलेल्या वकीलबाईंनी त्या कोर्टात एक पानी अर्ज केला. तिसऱ्या सुनावणीला दुरुस्त वॉरंट निघालं. एक रुपया फी लागली नाही. आईच्या पाटल्या आईच्या हातात आहेत.

माहितीच्या अधिकाराचं उत्तर ४८ तासांत नाही, एकविसाव्या दिवशी आलं. सहा तारखा, सहाही वेळा एस्कॉर्ट नाही. ते उत्तर जोडून अधीक्षकांना पुन्हा अर्ज दिला आणि आठवड्यात एमआरआय झाला, रिट लागलीच नाही. मणक्यात गादी सरकली आहे. आता पुढचे उपचार बघतो आहोत. रजेचं अपील वर गेलं आहे, उत्तर नाही. उपसमितीकडे रिटसाठी अर्ज दिला आहे.

मुलाकातीत तो विचारायचा, ‘ताई, अजून किती?’ आणि मी विषय बदलायचे. मागच्या मंगळवारी मी त्याला काचेपलीकडून बोटांवर महिने मोजून दाखवले.

अजनीकर | रात्री ८:५५

छान झालं बेटा. आता तुरुंगाच्या न्यायविभागातून नवी मोजणी लेखी घे, आणि दुरुस्त वॉरंटाची शिक्क्याची एक प्रत घरी ठेव. मध्येच त्याचा तुरुंग बदलला तर माणूस पुढे जातो आणि कागद मागे राहतो.